पंचवीस मीटरचा हिशेब : ओपनबीव्हीईमध्ये जपानी इंजिन आणि रूळ घडवताना

जपानी इंजिन आणि त्याखालचा रूळ, दोन्ही आपल्या मनासारखे घडवायचे असतील तर आमची पहिली पसंती आजही ओपनबीव्हीई या रेल्वे चालवण्याच्या संगणक खेळालाच आहे. तो फुकट मिळतो, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतो आणि जुन्या लॅपटॉपलाही जड जात नाही. मूळ बीव्हीई १९९६ साली जपानमध्ये एका विकसकाने एकट्याने लिहिला. नावातली तीन अक्षरं ‘बोसो व्ह्यू एक्सप्रेस’ या चिबाकडच्या गाडीवरून आली. ओपनबीव्हीई त्याच घडणीचा, पण मुक्तस्रोत. त्याचं खरं बळ असं की मार्ग, गाडी, केबिनमधले काटे, मोटरचा आवाज, सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत असतं. नोटपॅडमध्ये आकडा बदलायचा, सेव्ह करायचा, सोबत मिळणाऱ्या रूट व्ह्यूअरमध्ये एफ-५ दाबायचं, की बदल समोर. माउसने रूळ ओढत न्यायची सवय असेल तर इथे मन रमणार नाही, ट्रेन्झ हा दुसरा रेल्वेचा खेळ बरा. पण आकड्यांशी मैत्री असेल तर इतकं खोलवर हात घालू देणारा दुसरा खेळ आम्हाला माहीत नाही.

सुरुवातीलाच एक अडचण सगळ्यांना गाठते. जपानी मार्ग आणि गाड्यांच्या बऱ्याच फाइली शिफ्ट-जिस या अक्षरसंचात असतात. आपल्याकडच्या विंडोजवर झिप नेहमीसारखी उघडली की फोल्डरांची जपानी नावं चित्रविचित्र चिन्हांत बदलतात. मार्गाच्या फाइलीत मूळ नाव, डिस्कवर भलतंच, त्यामुळे खेळाला वस्तू सापडत नाहीत आणि गाडी रिकाम्या हिरव्या मैदानात उभी राहते. यावर उपाय दोन आणि दोन्ही करायचे. सेव्हन-झिपच्या कमांडला ९३२ क्रमांकाचा कोडपेज देऊन झिप उघडायची, म्हणजे नावं शाबूत राहतात. मग खेळाच्या मेनूत मार्ग आणि गाडी निवडताना एन्कोडिंगच्या खान्यात शिफ्ट-जिस निवडायचं, म्हणजे स्टेशनांची नावं नीट दिसतात. नुसता दुसरा उपाय केला तर नावं वाचता येतात, पण फलाट गायबच राहतात. मार्ग लोड झाल्यावर खेळ न सापडलेल्या फाइलींची यादी देतो. ती न वाचता बंद करू नये, नव्वद टक्के दुखणी तिथेच कळतात.

आता रूळ. जपानच्या साध्या मार्गांचा गेज, म्हणजे रुळाच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, १०६७ मिलिमीटर. शिनकान्सेनचा १४३५, आपल्या ब्रॉडगेजचा १६७६. ओपनबीव्हीई काही सांगितलं नाही तर १४३५ धरतो. मार्गाच्या फाइलीत सगळ्यात वर ‘रूट डॉट गेज’ ला १०६७ द्यायला हवं. नवखे ही ओळ वगळतात, कारण ती वगळली तरी रुळाचं चित्र बदलत नाही. चित्र वेगळ्या ऑब्जेक्ट फाइलीतून, म्हणजे वस्तूचा आकार लिहिलेल्या फाइलीतून येतं. बदलतो तो गाडीचा झोक. वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो, त्या उंचीला कॅन्ट म्हणतात. जपानच्या अरुंद गेजवर तो जास्तीत जास्त १०५ मिलिमीटर असतो. १०६७ वर १०५ म्हणजे सुमारे ५.६ अंशांचा झोक, १४३५ वर तोच कॅन्ट ४.२ अंशांवर येतो. केबिनमधून पाहताना वळण ‘पडत नाही’, क्षितिज ताठ राहतं, असं वाटलं तर आधी ही ओळ तपासावी.

कॅन्ट अंदाजाने टाकू नये, सूत्र सोपं आहे. या गेजवर समतोल कॅन्ट, म्हणजे वळणावर बाहेर फेकणारा जोर पूर्ण पेलणारा, मिलिमीटरमध्ये काढायचा तर ८.४ ला वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि त्रिज्येने भागायचं. वेग किलोमीटर ताशी, त्रिज्या मीटरमध्ये. ४०० मीटरचं वळण ७५ च्या वेगाने घ्यायचं तर उत्तर ११८ येतं. इतका कॅन्ट कोणी देत नाही, ५० मिलिमीटरची तूट चालवून घेतात, म्हणून ७० च्या आसपास ठेवावा. ३०० मीटरला ६५, ४०० ला ७५ आणि ६०० ला ९० हे वेग धरले की जपानी साध्या मार्गाचा पोत जमतो.

सगळ्यात मोठी गोम ब्लॉकची. ओपनबीव्हीई मार्गाचे २५-२५ मीटरचे तुकडे करतो. वळण, चढ, नवा रूळ, भिंत, खांब या आज्ञा फक्त तुकड्याच्या सीमेवर लागू होतात. १०१२ मीटरवर वळण लिहिलं तरी ते १००० पासूनच सुरू होतं. झाड, पाटी, सिग्नलची पेटी अशा सुट्या वस्तू मात्र कुठेही ठेवता येतात. म्हणून प्रत्यक्ष मार्गाचा तक्ता हातात असेल तर आधी वळणांचे आरंभबिंदू २५ च्या पटीत बसवून घ्यावेत आणि उरलेला फरक सरळ भागात जिरवावा. चढाचंही तसंच. वळण संपल्यावर ‘कर्व्ह’ ला शून्य द्यायला विसरलं तर गाडी गोल गोल फिरत राहते. त्रिज्येला उणे चिन्ह म्हणजे डावं वळण.

खऱ्या रुळावर सरळ भागातून वळणात जाताना संक्रमण वळण असतं, त्रिज्या हळूहळू कमी होत जाते. नव्या बीव्हीईच्या मार्गलेखनात त्याची थेट सोय आहे. ओपनबीव्हीईच्या सीएसव्ही प्रकारच्या मार्गफाइलीत नाही, तिथे पायऱ्या कराव्या लागतात. ४०० मीटरच्या वळणासाठी पहिल्या २५ मीटरला त्रिज्या १२०० आणि कॅन्ट २३, दुसऱ्याला ६०० आणि ४७, तिसऱ्यापासून ४०० आणि ७०. वक्रता त्रिज्येच्या उलट्या प्रमाणात वाढते, म्हणून १२००, ६००, ४००. त्रिज्याच सारख्या टप्प्याने उतरवली, म्हणजे ८००, ६००, ४०० अशी, तर अर्धी वक्रता पहिल्याच तुकड्यात येते आणि केबिनला हिसका बसल्यासारखं दिसतं. बाहेर पडताना हेच उलट.

रुळाचं चित्रही याच ब्लॉकमुळे फसतं. गाडी खऱ्या कमानीवरून जाते, पण रुळाचा ऑब्जेक्ट २५ मीटरचा सरळ तुकडा असेल तर तो त्या कमानीची जीवा होतो. ४०० मीटरच्या वळणावर तुकड्याच्या मध्यभागी हा फरक जवळजवळ २० सेंटिमीटर येतो. १००० मीटरवर तो ८ सेंटिमीटर, डोळ्याला खुपत नाही. २०० मीटरवर ३९, म्हणजे चाक स्लीपरच्या टोकावर. यावर सोबत येणारं ऑब्जेक्ट बेंडर वापरून प्रत्येक त्रिज्येसाठी वाकवलेला तुकडा वेगळा करून ठेवावा. २००, ३००, ४००, ६००, ८०० आणि १२००, डावा-उजवा धरून बारा तुकडे. एवढ्या संचात बहुतेक डोंगरी मार्ग निघतात. दुसरा रस्ता म्हणजे ब्लॉकची लांबीच ५ मीटर करायची. ४०० वर फरक मग ८ मिलिमीटरवर येतो. पण रूळ, जमीन, भिंत, फलाट यांचे सगळे ऑब्जेक्ट ५ मीटरचे करावे लागतात आणि दुसऱ्या मार्गांतून उचललेली तयार सामग्री निरुपयोगी होते. आम्ही पहिलाच रस्ता सुचवू.

गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांची चूक तर घरगुती मार्गांत हटकून दिसते. जपानमध्ये सांधे क्रमांकाने ओळखतात : ८ नंबर, १० नंबर, १२ नंबर. क्रमांक म्हणजे दुसरा रूळ किती मीटरला एक मीटर बाजूला सरकतो तो आकडा. बाजूच्या रुळाला जाताना वेग साधारण अनुक्रमे २५, ३५ आणि ४५. शेजारच्या दोन रुळांमध्ये ३.८ मीटर अंतर धरलं आणि नवा रूळ एकाच ब्लॉकमध्ये तिथवर नेला, तर तो सांधा साडेसहा नंबरचा होतो. इतका तीव्र सांधा मुख्य मार्गावर बसत नाही, आणि लांब डबा त्यावरून जाताना मोडल्यासारखा दिसतो. दोन ब्लॉक घेतले, ५० मीटरमध्ये ३.८, तर १३ नंबरच्या जवळ, म्हणजे १२ नंबरचा ऑब्जेक्ट आणि ४५ ची मर्यादा छान बसते. ८ नंबर हवाच असेल तर एका ब्लॉकमध्ये ३.१ मीटर सरकवून उरलेले ७० सेंटिमीटर पुढच्यात वळवावेत.

रुळाच्या आवाजाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे खेळ आणि जपानी रूळ यांचा मेळ फार सुंदर बसतो. ‘रन’ म्हणजे गाडी धावतानाच्या आवाजाची फाइल खेळ ९० किलोमीटरच्या वेगाची समजतो आणि गाडीच्या वेगाप्रमाणे ती हळू किंवा जलद वाजवतो. ९० म्हणजे सेकंदाला बरोबर २५ मीटर. जपानमध्ये साध्या रुळाच्या तुकड्याची प्रमाण लांबीही २५ मीटर. म्हणजे जोडाचा ‘खटक-खटक’ या फाइलीत बरोबर एका सेकंदाला एकदा यायला हवा आणि फाइलीची लांबी पूर्ण सेकंदांत असायला हवी, ४.००० किंवा ८.०००. ध्वनिमुद्रण ६० च्या वेगाचं असेल तर ते दीडपट जलद करून घ्यायचं. फाइल ४.१ सेकंदांची राहिली तर दर चार ठोक्यांनंतर एक ठोका अडखळतो, कानाला लगेच कळतं. लोखंडी पुलासाठी रुळाचा वेगळा प्रकार ठरवून त्याला वेगळी रन फाइल जोडता येते. वेल्ड करून सलग केलेल्या लांब रुळासाठी नुसता घुमणारा आवाज द्यावा. या एका गोष्टीवर दोन संध्याकाळी खर्च केल्या तरी वाया जात नाहीत.

ओव्हरहेड वायरच्या खांबांचं अंतर २५ च्या पटीतच देता येतं, जपानी डीसी मार्गाला सरळ भागात ५० ठेवावं. फलाटाची उंची मात्र बघून घ्यावी. जुन्या, इंजिनाने ओढायच्या डब्यांच्या स्टेशनांत ७६० मिलिमीटर, मिश्र वापराच्या ठिकाणी ९२० आणि लोकल गाड्यांसाठी ११००. टोकियोच्या मार्गातला फलाट उचलून खेड्यातल्या स्टेशनावर ठेवला की तो डोळ्यांत भरतो, चांगल्या अर्थाने नव्हे.

आता इंजिन, आणि इथे खेळ थोडा उणा पडतो. ओपनबीव्हीईचा साचा लोकल गाड्यांचा आहे : काही मोटरचे डबे, काही बिनमोटरचे, सगळे एका लांबीचे. इंजिन आणि मालडबे त्यात बसवायला हिशेब आपणच करायचा. ईएफ२१० घेऊ. याला ‘मोमोतारो’ म्हणतात, ओकायामाच्या लोककथेतल्या मुलावरून. वजन १००.८ टन, लांबी १८.२ मीटर, ५६५ किलोवॉटच्या सहा मोटरा म्हणजे ३३९० किलोवॉट, कमाल वेग ११०, आणि मागे २६ कंटेनर डब्यांची १३०० टनांची गाडी. गाडीच्या डॅट फाइलीत मोटर डबा एक, वजन १००.८, बिनमोटर डबे २६, वजन ५०, लांबी २०.४, पहिला डबा मोटरचा. लांबीचा आकडा सगळ्यांना एकच असतो, म्हणून इंजिनाची १८.२ ही लांबी एक्स्टेन्शन्स फाइलीत पहिल्या डब्याखाली वेगळी लिहायची. ती राहिली तर इंजिन आणि पहिला डबा यांच्यात सुमारे एक मीटरची जादा पोकळी दिसते. सगळी गाडी ५४८.६ मीटर होते, बाजूचे रूळ आणि थांबे त्या मापाने बेतावेत.

प्रवेगाच्या विभागात प्रत्येक नॉचला, म्हणजे हँडलच्या टप्प्याला, पाच आकडे : आरंभीचा प्रवेग, पहिल्या वेगापर्यंतचा प्रवेग, पहिला वेग, दुसरा वेग आणि त्यापुढे घटण्याचा घातांक. हे आकडे सगळ्या गाडीचे धरले जातात, एकट्या इंजिनाचे नव्हेत. डबे वाढवले म्हणून गाडी आपोआप मंद होत नाही. दुसऱ्याच्या चार डब्यांच्या गाडीला २६ मालडबे जोडले की ती लोकलसारखी उसळते, त्याचं कारण हेच. हिशेब असा : ६० च्या वेगाला ३३९० किलोवॉट म्हणजे २०३ किलोन्यूटन ओढ. १४०१ टनांना भागलं की ०.१४५ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे ०.५२ किलोमीटर ताशी प्रतिसेकंद. शेवटच्या नॉचला आरंभ ०.६०, मग ०.५२, पहिला वेग ६०, दुसरा ११०. मधल्या पट्ट्यात खेळ वेगाच्या उलट्या प्रमाणात प्रवेग कमी करतो, ते स्थिर शक्तीच्या इंजिनाला नेमकं जुळतं. हवेचा आणि चाकांचा अडथळा खेळ वेगळा वजा करतो, तो यात मिसळू नये. रिकाम्या डब्यांच्या गाडीसाठी डबा १९ टन धरला तर हाच आकडा १.२३ येतो. म्हणून भरलेली आणि रिकामी अशी दोन वेगळी फोल्डरं करावीत.

आकडे बरोबर बसले की नाही, ते बघायला सान्यो मार्गावरचा सेनो ते हाचिहोनमात्सु हा १०.६ किलोमीटरचा चढ घ्यावा. आपल्या भोर किंवा थळ घाटात १ : ३७ च्या चढावर मागून बँकर, म्हणजे रेटणारं जादा इंजिन, लावतात, तसाच हा जपानचा बँकरचा घाट, चढ २२.६ सहस्रांश. १४०१ टनांना या चढावर मागे खेचणारा जोर ३१० किलोन्यूटन होतो. आपण दिलेला आरंभीचा ०.६० म्हणजे २३३. एकटं इंजिन चढणारच नाही, आणि तुमच्या खेळात ते चढलं तर आकडे चुकलेत. प्रत्यक्षात तिथे ईएफ२१० चीच ३०० मालिकेतली इंजिनं मागून रेटतात. खेळात मागच्या इंजिनाला स्वतंत्र चालक देता येत नाही. त्याचं चित्र शेवटच्या डब्यामागे ठेवायचं आणि दोघांची ओढ एकत्र लिहायची : ४०७ किलोन्यूटन, १५०२ टन, उत्तर ०.९८. घाटासाठी हे तिसरं फोल्डर.

ब्रेकसाठी प्रकार २, म्हणजे ब्रेक पाइपवर चालणारा स्वयंचलित हवेचा ब्रेक. पाइपचा दाब ४९०, मुख्य टाकी ६९० ते ७८० किलोपास्कल. हा प्रकार निवडला की हँडलला नॉच राहत नाहीत, सोडा, धरून ठेवा, लावा एवढंच उरतं. लोकलच्या सवयीचा हात इथे चार-पाच वेळा स्टेशन ओलांडतो. स्वतंत्र इंजिन ब्रेकचीही सोय आता आहे. मंदनाचा आकडा काढायला जपानमधला ६०० मीटरचा जुना नियम उपयोगी पडतो. आणीबाणीत गाडी तेवढ्यात थांबली पाहिजे. ११० वरून ६०० मीटरमध्ये थांबायला सरासरी २.८ किलोमीटर ताशी प्रतिसेकंद लागतं. ब्रेक भरायला जाणारा वेळ धरून त्याहून थोडा वर आकडा ठेवून पाहावा आणि सरळ सपाट रुळावर मोजून घ्यावा. लाल सिग्नल ओलांडू नये म्हणून गाडी थांबवणाऱ्या एटीएस यंत्रणेचे बीकन, म्हणजे रुळात बसवलेल्या इशाऱ्याच्या पेट्या, याही याच मापाने : इशाऱ्याचा एस प्रकार सिग्नलच्या सुमारे ६०० मीटर आधी, तात्काळ थांबवणारा एसएन २० मीटर आधी. घंटा वाजल्यावर ब्रेक लावून कबुली द्यायला ५ सेकंद मिळतात. बीकन ३०० मीटरवर ठेवला तर चालकाने सगळं बरोबर करूनही मालगाडी लाल सिग्नलखाली जाते.

मॉडेलच्या बाबतीत एक उणीव मनाला लागते. एका डब्याला खेळ दोनच बोगी, म्हणजे खालचे चाकांचे गाडे, देतो, पुढची आणि मागची. ईएफ६५, ईएफ६६, ईएफ२१० या सगळ्यांना तीन बोगी आहेत. मधली बोगी इंजिनाच्या सांगाड्यातच काढावी लागते आणि मग ती वळणावर रुळावरून सरकते. बाहेरच्या बोगींत १२ मीटर अंतर धरलं तर ३०० मीटरच्या वळणावर ६० मिलिमीटर. प्रत्यक्षात ही बोगी आडवी सरकू शकते म्हणूनच असं इंजिन वळणातून जातं. बाहेरून बघणाऱ्याला हे खुपतं, केबिनमधून दिसत नाही.

रंग बदलताना जुन्या ऑब्जेक्टांत पारदर्शक भागासाठी शुद्ध निळा वापरलेला असतो. अशी चित्रं जेपीईजीमध्ये साठवू नयेत. दाबताना निळ्याच्या छटा बदलतात आणि खिडक्यांभोवती निळी झालर उमटते. बीएमपी किंवा अल्फा (पारदर्शकतेची माहिती) असलेली पीएनजी वापरावी, मापं २५६, ५१२, १०२४ अशी. ईएफ६५ तर स्वतःच निळं आणि क्रीम, त्यामुळे पारदर्शक निळा अंगाच्या निळ्यावर सांडला की इंजिनाला भोकं पडतात.

मोटरच्या आवाजाच्या तक्त्यात वेगाच्या दर ०.२ किलोमीटर ताशीला एक ओळ, ११० पर्यंत ५५० ओळी. हाताने लिहू नये, ट्रेन एडिटरमध्ये आलेख ओढावा. स्वराची पट्टी १०० आणि आवाज १२८ म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी. केबिनच्या पॅनेलमध्ये मालगाडीसाठी ब्रेक पाइपचा काटा असलाच पाहिजे. लोकलवरून उतरवलेल्या पॅनेलात बहुधा फक्त ब्रेक सिलिंडरचा असतो.

अशी दुरुस्त केलेली गाडी दुसऱ्यांना द्यायची असेल तर मूळ फोल्डरातली रीड-मी आधी वाचावी. जपानी निर्माते बऱ्याचदा बदल करायला हरकत घेत नाहीत, पण पुन्हा वाटायला स्पष्ट मनाई करतात. अशा वेळी फक्त आपण लिहिलेली डॅट आणि एक्स्टेन्शन्स फाइल द्यावी आणि मूळ गाडी ज्याची त्याने निर्मात्याकडून उतरवून घ्यावी. या दोन्ही मजकुराच्या फाइली आहेत, काही किलोबाइटच्या, ईमेलमध्येही मावतात.